तारेत करंट आहे की नाही, एवढं सांगणारा माणूस गावात राहू द्या

प्रति,
आमच्या किनारपट्टीचा वीजपुरवठा सांभाळणारे अधिकारी आणि तालुक्याचं आपत्ती व्यवस्थापन पाहणारे अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आपल्या कार्यालयाची एक सूचना लागली. या पावसाळ्यापासून लाईट गेल्याची तक्रार मोबाईलच्या अ‍ॅपवर किंवा टोल-फ्री क्रमांकावरच नोंदवावी, लाईनमनला थेट फोन करू नये, आणि गावातली लाईनमनची खोली बंद करून त्यांना तालुक्याच्या पथकात घेतलं जात आहे, असं त्यात लिहिलं होतं. सगळं मिळून चार ओळी. त्या वाचून मी घरी आले आणि दोन दिवस कुणाशी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हे पत्र लिहायला घेतलं, कारण एक गोधडी काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, मागे माड-पोफळीचं आगर. यजमानांना मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. मुलं मुंबईला. वादळवाऱ्यात घर सांभाळायचं ते आम्ही दोघांनीच. आमच्या पाखाडीत अशी दोन-दोन म्हाताऱ्या माणसांची घरं निम्म्याहून जास्त आहेत.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. आम्हाला तेव्हा आकडा कुठला कळणार? माजघरात बसून कौलं उडताना ऐकत होतो. माड मोडताना एक कोरडा आवाज येतो, तो त्या दिवशी किती वेळा ऐकला याची गणती नाही. संध्याकाळी दार उघडलं तर आगरात आकाश दिसत होतं. पन्नास वर्षांत त्या जागेवर इतका उजेड मी पाहिला नव्हता. रस्त्यावरचे विजेचे खांब एकाच दिशेला झोपले होते, आणि तारा कुठे झाडांत, कुठे पाण्यात, कुठे कुंपणावर पडल्या होत्या.

वादळ यायच्या आधीच, सकाळी, लाईट बंद केली होती. ते योग्यच केलंत. त्यानंतर आमच्या पाखाडीत 27 दिवस लाईट नव्हती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एका दुपारी हजारो खांब पडतात तेव्हा ते एका आठवड्यात उभे राहत नाहीत, हे आम्हाला कळतं. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली माणसं चिखलात खड्डे खणत होती, खांद्यावरून खांब वाहत होती. त्यांना आमच्या बायकांनी भाकरी करून घातल्या आहेत. ते दिवस आम्ही विसरलेलो नाही.

तक्रार नवव्या दिवसाची आहे.

आमच्या बांधावर एक तार पहिल्या दिवसापासून लोंबत होती. एक टोक खांबाला, दुसरं करवंदीच्या जाळीत. आठ दिवस तिला कुणी हात लावला नाही, मग भीड चेपली. पावसाने घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण भिजलेलं, दोऱ्या तुटलेल्या, वाळत घालायला जागा नाही. कुणीतरी त्या तारेवर लुगडं टाकलं. मग दुसरीने चादर. मी माझ्या सासूबाईंनी शिवलेली गोधडी टाकली. मी, जिने पाचवी-सहावीच्या मुलांना विजेचा धडा शिकवला, तिने. सगळ्या गावाला लाईट नव्हती, मग या तारेत ती कुठून येणार, असं वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी सरीची चाहूल लागली म्हणून मी गोधडी काढून आणली. तासाभरात शेजारच्या भाऊंची गाय त्या बांधावर चरायला गेली आणि जागच्या जागी पडली. गुराखी पोरगा तिच्याकडे धावत निघाला होता, एका म्हातारबाबांनी त्याला दोन्ही हातांनी मागे ओढलं. तिकडे विजेच्या उपकेंद्रातून आमच्या फीडरची, म्हणजे गावाकडे येणाऱ्या मुख्य वाहिनीची, चाचणी घेण्यासाठी लाईन चार्ज केली होती, म्हणजे तिच्यात वीज सोडली होती. गावात एकाही माणसाला ते माहीत नव्हतं. आमचा लाईनमन त्या वेळी चार किलोमीटरवर दुसऱ्या खांबावर होता. त्याच्या फोनला रेंज नव्हती, त्यामुळे त्यालाही निरोप पोहोचला नाही. संध्याकाळी तो आला, गाय पडली होती त्या जागेकडे पाहत उभा राहिला आणि रडला. त्याला दोष देण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही.

म्हणून मला त्या चार ओळींची भीती वाटते. वादळानंतर गावाचा पहिला प्रश्न "लाईट कधी येणार" हा नसतो. दारात पडलेल्या या तारेत आत्ता करंट आहे का, हा असतो. या प्रश्नाचं उत्तर अ‍ॅप देऊ शकत नाही. ते तिथे उभं राहून, फेज कुठून येते, कुठला जम्पर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, सुटलाय हे जाणणारा माणूसच देऊ शकतो. निसर्गच्या वेळी त्याला निरोप मिळाला नाही. त्यावरचा उपाय त्याला निरोप मिळेल अशी सोय करणं हा होता. आपण माणूसच काढून घेत आहात.

अ‍ॅप आणि टोल-फ्री क्रमांक कशावर चालतात, तेही पाहा. गावातला मोबाईलचा टॉवर विजेवर चालतो. लाईट गेली की त्याची बॅटरी काही तास टिकते, पुढे डिझेल पोहोचलं तर ठीक. रस्त्यावर झाडं आडवी असली की डिझेलही पोहोचत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेलं. 16 आणि 17 तारखेला इथे नुसतं वारं आणि पाऊस, तरी पहिल्याच रात्री फोन मुका झाला. करोनाची दुसरी लाट चालू होती. आमच्या खालच्या आळीत एक गृहस्थ घरीच प्राणवायूच्या यंत्रावर होते. घरचा इन्व्हर्टर त्या यंत्राला जेमतेम तीन तास पुरला. लाईट चार तासांत येईल की चार दिवसांत, एवढं जरी कुणी संध्याकाळी सांगितलं असतं, तरी उजेडात त्यांना हलवता आलं असतं. शेवटी रात्री दोन वाजता टेम्पोत घालून, वाटेतली झाडं करवतीने कापत पोरांनी त्यांना तालुक्याला नेलं. ते वाचले. टेम्पोच्या मागे बसून त्यांचा हात धरणारी त्यांची बायको त्या रात्रीबद्दल आजही बोलत नाही.

लाईट येणार नसेल तर येणार नाही असं सांगा, आम्ही तयारी करू. हवामान खातं वादळाच्या कितीतरी आधी सांगायला लागतं. 72 तास आधी पहिली सूचना, 48 तास आधी इशारा, 24 तास आधी पुढचा इशारा, अशी त्यांची पायरी ठरलेली आहे. समुद्रावरच्या वादळाची खबर आम्हाला दोन दिवस आधी मिळते आणि आमच्याच डीपीची, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरची, खबर दोन आठवडे मिळत नाही, हे मनाला पटत नाही.

आता देखभालीबद्दल. खारं वारं लोखंड खातं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खांबाला तोलून धरणाऱ्या तारा, म्हणजे ताण, गंजून सुतळीएवढे झालेत. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेच्या पोटात पोलादाची तार असते, ती आतून गंजते आणि वरून काही दिसत नाही. दरवर्षी मे महिन्यात फांद्या तोडायला माणसं येतात, मुख्य रस्त्याच्या कडेच्या तोडतात, आगरातून गेलेल्या लाईनकडे वेळेअभावी वळत नाहीत. पण तार तुटते ती आगरातच, झावळ पडून.

आणखी एक गोष्ट आमच्या लाईनमननेच मला समजावली, ती मी गावात सगळ्यांना सांगत असते. तार जमिनीवर पडली की उपकेंद्रात आपोआप लाईन बंद होते, असा सर्वांचा समज आहे. ओल्या मातीत पडली तर बहुतेक वेळा होतेही. पण आमच्याकडे जांभा आणि वाळू. कोरड्या कातळावर किंवा वाळूवर पडलेल्या तारेतून जमिनीत इतका कमी प्रवाह जातो, की तिकडच्या यंत्रणेला तार तुटल्याचं कळतच नाही. तार पडलेली राहते आणि तिच्यात करंटही राहतो. कोकणासाठी ही बाब पुस्तकातल्या तळटिपेची नाही, पहिल्या पानाची आहे. आपल्या अभियंत्यांना हे माझ्यापेक्षा शंभर पटींनी जास्त माहीत आहे. म्हणून तर विचारते, मग तालुक्याहून पथक येईपर्यंत त्या तारेजवळ कोण उभं राहणार?

27 व्या दिवशी लाईट आली तेव्हाची गोष्टही सांगायला हवी. संध्याकाळी सातच्या सुमारास दिवे लागले, पोरं ओरडत रस्त्यावर आली. दोन मिनिटांत आमच्या ओळीतल्या पाच घरांतले दिवे आधी डोळे दिपतील इतके पेटले आणि मग फटाफट गेले. टीव्ही, फ्रिज, एका घरातली नवी घरघंटी, सगळं जळलं. खांबावर न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा, सांधा सुटलेला होता. न्यूट्रल तुटली की घरात 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. वादळात हिसके बसलेला प्रत्येक सांधा लाईन चालू करण्याआधी तपासायला हवा होता. घाई का झाली ते मी समजू शकते, वरून विचारणा होत असणार, किती गावं उजळली याचा आकडा द्यायचा असणार. पण ज्या घराने महिनाभर अंधारात काढला त्याच्या पदरात हे पडलं. त्या घरघंटीवर एका विधवेचं घर चालायचं.

या पाचही घरांनी अर्ज केले. उत्तर एकच आलं, नैसर्गिक आपत्ती. वीज कायदा 2003 च्या कलम 57 खाली सेवेची मानकं ठरलेली आहेत, ती पाळली नाहीत तर भरपाई आहे, आणि चक्रीवादळासारख्या प्रसंगात त्यातून सूट आहे, हे मी वाचलं आहे. ती सूट वादळाने मोडलेल्या खांबाला मिळावी, माझं काही म्हणणं नाही. वादळ गेल्यावर सत्ताविसाव्या दिवशी न तपासता चालू केलेल्या सांध्याला ती कशी लागू होते, हे मात्र मला कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

हे पत्र गावकरीही वाचतील, म्हणून आमच्या बाजूच्या चुकाही इथेच लिहिते. निसर्गनंतर गावात पाच-सहा जनरेटर आले. कुणी दोन्ही बाजूंना पिना असलेली वायर करून जनरेटर थेट घरातल्या सॉकेटला जोडला. मेन स्विच बंद नसेल तर ती वीज उलटी खांबावर जाते, रोहित्रातून, म्हणजे डीपीतून, उलटी चढते आणि 11 हजार व्होल्टची होऊन लाईनवर पोहोचते. आपल्यासाठी खांबावर चढलेला माणूस आपल्याच घरातल्या विजेने मरू शकतो. एकाने पावसात भिजू नये म्हणून जनरेटर पडवीत ठेवून दार लावून घेतलं होतं. घरातल्यांची डोकी दुखायला लागली, उलट्या झाल्या, आणि सूनबाईने वेळीच दारं-खिडक्या उघडल्या म्हणून सगळे वाचले. जनरेटरच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. जनरेटर उघड्यावरच ठेवायचा, खिडकी-दारापासून लांब, वर पत्र्याचा आडोसा करून.

तार पडलेली दिसली तर निदान दहा मीटर लांब राहा, आणि आपण आधीच जवळ असलो तर मोठं पाऊल न टाकता, पाय न उचलता, जमिनीला घासत बारीक-बारीक सरकत मागे या. ओला बांबू लाकूड असला तरी करंट वाहतो, बांबूने तार सरकवायला जाऊ नका. गाडीवर तार पडली तर गाडीतच बसून राहा. लाईट गेल्यावर मेन स्विच बंद करा, आणि आल्यावर आधी एकच दिवा लावून पाहा. तो फार प्रखर किंवा फार मंद लागला तर लगेच पुन्हा मेन स्विच बंद. फ्रिज सारखा उघडू नका, बंद ठेवला तर आतला गारवा चारेक तास टिकतो. इन्सुलिन मी त्या 27 दिवसांत घट्ट झाकणाच्या डबीत घालून, पाणी शिंपडलेल्या वाळूच्या मडक्यात, माजघराच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे बाहेर टिकते, पण ऊन आणि उष्णता लागता कामा नये. आणि मेणबत्ती गादीजवळ, पडद्याजवळ नको. चार बॅटऱ्या घेऊन ठेवा.

यातलं एकही वाक्य वादळाआधी आपल्या कार्यालयाकडून आमच्यापर्यंत आलेलं नाही. एका फलकावर "विजेपासून सावध राहा" एवढं लिहिलेलं होतं. सावध म्हणजे नेमकं काय करायचं, ते गावाने एक गाय देऊन शिकून घेतलं.

मोठ्या उपायांचीही थोडी माहिती आम्हाला आहे. 2014 च्या हुदहुद वादळानंतर विशाखापट्टणममध्ये तारा जमिनीखाली घेण्याचं काम झालं. आपल्याकडे अलिबागसारख्या शहरासाठी चक्रीवादळाच्या प्रकल्पातून भूमिगत वाहिन्यांचं काम हाती घेतलं गेलं. आमच्या विखुरलेल्या वाड्यांना तेवढा खर्च उद्या होईल असं आम्ही धरून चाललेलो नाही. पण आरोग्य केंद्र, नळपाण्याचा पंप आणि टॉवर, या तीन ठिकाणांना जाणारी लाईन मिळून दीड किलोमीटरची आहे. तेवढी जमिनीखाली घ्या. आगरांमधून जाणाऱ्या उघड्या तारा काढून तिथे वेष्टण असलेली केबल टाका. झावळ पडली तरी ती केबल सहसा तुटत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

लाईनमनची गावातली नेमणूक आणि खोली बंद करण्याचा निर्णय मागे घ्यावा. निदान मे ते नोव्हेंबर हे महिने तरी त्यांना इथून हलवू नये. वादळं याच काळात येतात. नोव्हेंबर म्हणते कारण 2009 चं फयान वादळ 11 नोव्हेंबरला आलं होतं.

वादळानंतर कोणताही फीडर, चाचणीसाठी का होईना, गावातून "लाईन मोकळी आहे, माणसं-गुरं बाजूला आहेत" असा निरोप आल्याशिवाय चार्ज करू नये. फोन बंद असतील तर पोलिसांच्या वायरलेसवरून निरोप यावा आणि पोलीस पाटलांनी देवळाच्या व मशिदीच्या भोंग्यावरून तो गावाला द्यावा. भोंगा चालत नसेल तर दवंडी पिटावी. आमच्याकडे दवंडी पिटणारा माणूस अजून आहे.

लाईट नसेल त्या प्रत्येक दिवशी संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन ओळी लिहिल्या जाव्यात: काम कुठवर आलं, आणि उद्या लाईट येण्याची शक्यता आहे की नाही. अंदाज चुकला तरी चालेल.

मृगाच्या आधी आमच्या दोन्ही डीपींचं अर्थिंग, खांबांचे ताण आणि न्यूट्रलचे सांधे तपासून, तपासल्याची तारीख आणि सही असलेला कागद ग्रामपंचायतीत लावावा. आगरातल्या फांद्या तोडायला मालक हरकत घेत असतील तर आम्हाला सांगा, मालकांना समजावण्याचं काम आमचं.

त्या पाच घरांचे अर्ज पुन्हा उघडून, सांधा का तपासला गेला नाही याचं लेखी उत्तर द्यावं.

आणि ज्या घरांत यंत्रावर किंवा थंड ठेवायच्या औषधांवर माणसं जगतात, त्यांची यादी आपत्ती व्यवस्थापनाकडे असावी. वादळाचा इशारा आला की त्या घरांना आधी विचारलं जावं, गरज असेल तर आधी हलवलं जावं, आणि आरोग्य केंद्रातल्या जनरेटरमध्ये त्या दिवशी डिझेल आहे ना, हे कुणीतरी झाकण उघडून पाहावं.

ही यादी आमच्या गावापुरती मी आणि आशाताईंनी घरोघर फिरून केली आहे. अकरा नावं आहेत: नऊ घरांत इन्सुलिन, दोन घरांत प्राणवायूचं यंत्र. कुठल्या घराची लाईन कुठल्या डीपीवरून येते ते लाईनमनने पुढे लिहून दिलं आहे. वहीच्या दोन प्रती तयार आहेत. त्या कुणाच्या हातात द्यायच्या, त्या माणसाचं नाव आणि हुद्दा मृगाच्या आधी कळवावा, ही विनंती.

आपली,
किनाऱ्यावरच्या गावातली एक वीजग्राहक, निवृत्त शिक्षिका